गावाची वही

१७ ऑगस्ट २०२५च्या रात्री नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. दोनशे मिलिमीटरच्या वर नोंद झाली. वरून हा पाऊस, उदगीरकडून लेंडी नदीला आलेलं पाणी, आणि खाली लेंडी धरण प्रकल्पाची नुकतीच झालेली घळभरणी. तिच्या फुगवट्यानं पाणी घरात घुसलं, असं गावकऱ्यांचं म्हणणं. रावणगाव, भासवाडी, भिंगेली, हसनाळ ही गावं पाण्यात गेली. एकट्या रावणगावात सव्वादोनशे माणसं अडकली. राज्य आपत्ती प्रतिसाद दल उतरलं, छत्रपती संभाजीनगरहून लष्कराचं पथक निघालं. हसनाळमध्ये माणसं गेली, गोठ्यातली जनावरं गेली. २२ ऑगस्टला पोळा होता.

पहिले आठ दिवस अशा गावात मदतीच्या गाड्यांची रांग लागते. पुढारी येतात, चॅनेलवाले येतात, शिधा येतो, चादरी येतात. मग रस्ता मोकळा होतो आणि गावही. खरं काम तिथून पुढं सुरू होतं आणि ते पुढच्या खरिपापर्यंत चालतं. घरांचं तर त्याच्याही पुढं. या काळात कोणतं कुटुंब सावरतं आणि कोणतं कायमचं मागं पडतं, हे बऱ्याच अंशी एका साध्या गोष्टीवर ठरतं: त्या घरचं काय काय गेलं याची नीट नोंद वेळेत झाली का. पाणी शिरताना ते सातबारा विचारत नाही. मदत मात्र विचारते. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा मी या नोंदीच्या वहीला देणार आहे. हा लेख गावातल्या माणसांसाठी आहे, तसाच नांदेड, लातूर, पुण्याहून ‘काहीतरी करायला हवं’ म्हणून निघणाऱ्यांसाठीही.

पंचनामा सरकारचा, वही गावाची

वहीसाठी दोनशे पानी जाड रजिस्टर घ्या. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात. शासनानं अलीकडं त्यांची पदनामं बदलली, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले. गावाच्या तोंडी अजून तलाठीच आहेत. एकेकाकडं अनेक गावं, वरून ‘आजच्या आज अहवाल पाठवा’चा तगादा, रस्ते तुटलेले. अशा घाईत दोन घरं सुटतात, एखादा गोठा राहतो, शेताचा आकडा अंदाजानं पडतो. प्रत्येक वेळी त्यामागं लबाडी असते असं नाही. पण गावाकडं स्वतःची वही असेल तर पंचनाम्याची यादी तिच्याशी ताडून बघता येते आणि सुटलेलं नाव त्याच आठवड्यात सांगता येतं. तीन महिन्यांनी तहसीलच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

वही लिहायची कुणी? बचत गटातल्या दोन जाणत्या बाया, आशाताई, शाळेतले एक गुरुजी आणि कॉलेजात शिकणारं एखादं चुणचुणीत पोर. सरपंचांनी पाठीशी राहावं, पण लेखणी एकाच घरात नको. तांडा, वाडी, दलित वस्ती, गावाबाहेरची पालं, यांचा प्रत्येकाचा एक माणूस लिहिणाऱ्यांत हवाच. मुखेड तालुक्यात तांडे पुष्कळ. मुख्य गावाची यादी झाली की तांड्याची झाली असं धरलं जातं, आणि तिथंच गोची होते.

लिहायचं साफसफाईच्या आधी. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड, कारण घरात गुडघाभर गाळ असताना कुणाला वही सुचणार? निदान फोटो तरी काढा. घरातला एक माणूस समोर उभा, मागं भिंतीवर पाण्याची रेघ आणि खाली पडलेला संसार, असा फोटो. ती गाळाची रेघ पुढच्या पावसात धुऊन जाते. ती दिसते आहे तोवर गेरूनं किंवा ऑइलपेंटनं तिच्यावर आडवी खूण करा आणि शेजारी तारीख टाका. ही खूण पुढं दोनदा कामाला येते: एकदा पंचनाम्यात, आणि एकदा नवीन घराचं जोतं किती उंच घ्यायचं हे ठरवताना.

नोंद कशी असावी, हे एका उदाहरणानं सांगतो. ‘म्हशी दोन मेल्या’ एवढं लिहून भागत नाही. नियमांत दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० असे वेगवेगळे दर आहेत. म्हणून लिहायचं ते असं: ‘म्हैस, दुसऱ्या वेताची, दुभती, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक अमुक; वगार, दीड वर्षाची, बिल्ला नाही.’ मेलेल्या जनावराचा फोटो कानातला बिल्ला दिसेल असा काढा आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला घेतल्याशिवाय पुरू नका. डॉक्टर पोहोचू शकत नसतील तर फिरत्या पशुचिकित्सा पथकाला १९६२ वर फोन लावा, सरपंच आणि दोन पंचांच्या सह्या घ्या, मग खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. खड्डा विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब असावा. वाहून गेलेल्या जनावराचा फोटोच नसतो. तिथं डेअरीच्या दूध संकलनाचं कार्ड, लसीकरणाची नोंद, शेजाऱ्याचा जबाब उपयोगी पडतो.

पंचनाम्याच्या रकान्यात न बसणाऱ्या वस्तूही वहीत घ्या. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, पाण्यातली मोटार, स्प्रिंकलरचे पाइप, बँडवाल्याचा ढोल, चांभाराची हत्यारं, बियाण्यासाठी राखलेलं सोयाबीन. सरकारकडून त्याचे पैसे मिळोत न मिळोत, बाहेरून एखादी संस्था ‘तुमच्या गावाला काय हवं?’ विचारत आली की हीच पानं उघडायची. ‘काहीही द्या’ म्हणणाऱ्या गावाला चादरी मिळतात.

आणि एक नाजूक रकाना: जमीन कुणाची आणि पेरली कुणी. पिकाची मदत सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या खात्यात जाते. बटईनं किंवा ठोक्यानं करणाऱ्याचं बियाणं गेलं, खत गेलं, राबणं गेलं, आणि मदत शहरात राहणाऱ्या मालकाला. कायद्यात यावर सोपा इलाज नाही. गावात मात्र आहे. पैसे जमा व्हायच्या आधी, मनं जरा हळवी असतानाच, मालक आणि बटईदाराला समोरासमोर बसवून वाटा ठरवा आणि वहीत दोघांच्या सह्या घ्या. पैसे आल्यावर हीच गोष्ट भांडणावर जाते.

सगळी वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. कुणी वाढवून लिहिलं असेल तर चारचौघांत ते नाव आपोआप खाली येतं, आणि ज्या विधवा बाईनं संकोचानं काही सांगितलंच नाही तिच्यासाठी शेजारीण उठून बोलते. वाचून झाल्यावर प्रत्येक पानाचा फोटो तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

हक्काचं किती, आणि ते अडतं कुठं

सप्टेंबर २०२५मध्ये अख्ख्या मराठवाड्यात पुन्हा अतिवृष्टी झाली आणि ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले गावानं पाठ ठेवावेत असे आकडे एवढेच. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, हंगामी बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जादा. मर्यादा तीन हेक्टर. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम. खचलेल्या किंवा गाळानं भरलेल्या विहिरीला ३०,०००. पूर्ण पडलेल्या घराचा नियमातला दर १,२०,०००, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. या रकमांत नुकसान भरून निघतं असं कुणीच म्हणणार नाही. तीन हजारांत गोठ्याचे पत्रेही येत नाहीत. पण ‘अंशतः’ आणि ‘पूर्ण’ या दोन शब्दांत एक लाखाहून जास्त फरक आहे, हे पंचनाम्यावर सही करताना लक्षात ठेवा. भिंती उभ्या आहेत पण पाया खचलाय, असं घर असेल तर बांधकाम अभियंत्यानं बघावं असा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या.

पीक विम्याबद्दल एक गैरसमज अजून फिरतो. ७२ तासांत तक्रार करायची, मग भरपाई मिळते, ही आधीची रीत. राज्यात २०२५च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पादनावर बांधली गेली. म्हणजे तुमच्या मंडळात कोणत्या प्लॉटवर कापणी होते, कधी होते, वजन किती भरतं, याच्यावर सगळं. कृषी सहायकांकडून तारीख विचारून घ्या आणि गावातली चार माणसं त्या बांधावर हजर राहा. विम्याच्या चौकशीसाठी १४४४७ हा क्रमांक आहे.

आता पैसा अडतो कुठं ते. मंजूर यादीतल्या प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, ज्याला सगळे व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन आपले सरकार केंद्रावर अंगठा दिल्याशिवाय, म्हणजे ई-केवायसी केल्याशिवाय, रक्कम सुटत नाही. शेतकरी ओळख क्रमांक निघालेल्यांचं हे काम सोपं झालं आहे, तेव्हा तो काढलेला नसेल तर आधी काढा. बाकी अडचणी ठरलेल्या: आधारवर ‘मारोती’ आणि सातबाऱ्यावर ‘मारुती’, बँक खातं आधारला जोडलेलं नाही, सामाईक खातं असून भावांचं संमतीपत्र नाही, वडील जाऊन सहा वर्षं झाली पण वारस नोंद नाही. यातलं एकेक काम दोन दिवसांचं, पण ते करायला माणूस गावात लागतो.

आणि मुखेडमध्ये माणूस गावात नसतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला निघतात, काही हैदराबादला, काही मुंबई-पुण्याला बांधकामावर. पुरानंतर तर मुकादमाची उचल जास्त घेतली जाते, कारण घरात दाणा नसतो. म्हणून पुराच्या वर्षी गावानं वहीत एक खूण करावी: कोणती कुटुंबं कधी जाणार. त्यांची ई-केवायसी, बँकेची कामं, घरकुलाचे कागद आधी उरका. जाणाऱ्यानं वहीवाल्यांकडं चालू मोबाइल नंबर ठेवावा आणि पुढच्या फेऱ्यांसाठी घरातलं कोण येणार हे सांगून जावं. घरकुलाचा पुढचा हप्ता मिळवायला पाया भरल्याचा फोटो लागतो आणि पाया भरायला माणूस कारखान्यावरून यायचा असतो. निम्मी अर्धवट घरं यानंच अर्धवट राहतात, असं मला वाटतं.

वाहून गेलेल्या कागदांसाठी फार घाबरू नका. सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा मिळतो. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात, टीसी शाळेत, गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्डाकडं. एका दिवशी गावातच सगळ्यांचं शिबिर लावा, असा अर्ज ग्रामपंचायतीनं तहसीलदारांकडं केला तर पंधरा जणांची पंधरा वेळची गाडीभाड्याची रक्कम वाचते.

विहीर, भिंत, रान

पुराच्या पाण्यात मेलेली जनावरं, संडासाचे खड्डे, फवारणीची औषधं, सगळं एकत्र झालेलं असतं आणि ते विहिरीत उतरतं. टँकर येईल तोवर टँकरचं प्या, तेही उकळून. गावच्या विहिरीचं गणित मात्र स्वतः शिकून घ्या. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, त्याला ३.१४ नं गुणायचं आणि ४ नं भागायचं. येणारा आकडा म्हणजे इतके हजार लिटर पाणी. दर हजार लिटरला चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अडीच ग्रॅम. चार मीटर रुंद विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर सुमारे ६३ हजार लिटर, म्हणजे साधारण १६० ग्रॅम. पुरानंतर हे प्रमाण दुप्पट करतात, म्हणून सव्वातीनशे ग्रॅमपर्यंत. पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, बादली भरा, दहा मिनिटं चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता आणि ती दोरानं विहिरीत खाली सोडून वर-खाली हलवा. रात्री करा, सकाळी वापरा. जलसुरक्षकाकडं तपासणीचं औषध असतं. थेंब टाकल्यावर नळाच्या शेवटच्या टोकाच्या पाण्याला पिवळा रंग आला तरच क्लोरीन तिथवर पोचलंय. दमट पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते, ती कितीही टाकली तरी नुसता चुनाच. पूर आलेली विहीर गढूळ असेल तर आधी उपसून घ्या. बोअरमध्ये पाणी शिरलं असेल तर तीही.

गाळ काढताना पायात गमबूट, हातात मोजे आणि काठी. अडगळीत नाग, घोणस, मण्यार येऊन बसलेले असतात. साप चावला तर १०८ ला फोन करून रुग्णालय. मांत्रिक, चिरा, आवळपट्टी यात वेळ घालवू नका. पायाला जखम असलेल्यानं गाळात उतरू नये. गाळातल्या कामानंतर ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोची शंका घेऊन डॉक्टरांना ‘मी पुराच्या गाळात काम केलं’ हे आवर्जून सांगा. वाचलेल्या जनावरांना घटसर्प आणि फऱ्याची लस द्या. चिखलात भिजून बुरशी धरलेला कडबा घालण्यापेक्षा कुट्टीची पोती मागवून घ्या.

घराबद्दल सगळ्यात धोक्याची गोष्ट: मातीची, माळवदाची घरं पुरात जितकी पडतात, तितकीच पूर ओसरल्यावर ऊन पडलं की पडतात. भिंत आतून भिजलेली, वर धाब्याचं ओझं, आणि वरवर वाळल्यासारखी दिसते म्हणून लोक आत झोपायला जातात. आठ-पंधरा दिवस समाजमंदिरात किंवा शाळेत काढा. तुळयांना टेकू द्या. ओल्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते आणि भिंत पोटातून सुटते. वीज मंडळाच्या माणसानं मीटर आणि वायरिंग बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका.

नवीन बांधायचं कसं, याचा धडा लांबून आणायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावं नव्या जागी हलवली. जमिनीच्या मालकीप्रमाणं २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं दिली. रस्ते सरळ, घरं भक्कम. पण भावकीची वस्ती विखुरली, अंगणं हरवली, जनावरं बांधायला जागा नाही, शेत लांब. ज्या गावांत मात्र लोकांनी जुनी घरं स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली, पैसा हप्त्यानं मालकाच्या खात्यात आला आणि गवंडी त्यानं निवडला, तिथलं काम अंगवळणी पडलं. त्या वेळी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावागावांत बायकांना संवाद सहायक नेमलं होतं. चूल कुठं, न्हाणी कुठं, दार कोणत्या बाजूला, हे त्या बोलायला लागल्या आणि इंजिनियर ऐकायला लागले. हसनाळ-रावणगावचं पुढं जे काही होईल, त्यात ही पद्धत जशीच्या तशी उचलावी.

लेंडीच्या गावांची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. लेंडी धरण हा महाराष्ट्र आणि आताच्या तेलंगणाचा संयुक्त प्रकल्प, १९८०च्या दशकात सुरू झालेला. एक अख्खी पिढी ‘आज उठायचं की उद्या’ यात म्हातारी झाली. या गावांनी दोन फायली कायम वेगळ्या ठेवाव्यात: एक पुराच्या मदतीची, एक प्रकल्पाच्या पुनर्वसनाची. पुराची मदत घेतली म्हणून पुनर्वसनाचा हक्क संपत नाही, आणि पूर्वी मावेजा घेतला म्हणून वाहून गेलेल्या म्हशीचा दर कमी होत नाही. दोन्ही मिळून एकाच कागदावर सही मागितली तर आधी वाचून, वकिलाला दाखवून मगच करा. नव्या गावठाणात जायच्या आधी पुनर्वसन कायद्यातल्या १८ नागरी सुविधांची यादी हातात घेऊन एकेक तपासा: पाणी, शाळा, रस्ते, वीज, स्मशानभूमी. कागदावर ‘पूर्ण’ लिहिलेला नळ सोडून बघा.

शेताचं थोडक्यात. वापसा येईपर्यंत काळ्या रानात ट्रॅक्टर घालू नका, ढेकळं होतात ती वर्षभर जात नाहीत. बोटभर गाळ बसला असेल तर तो रानात मिसळू द्या. वाळू आणि गोटे मात्र काढावेच लागतात. खरडून मुरूम उघडा पडला असेल तर पहिल्या वर्षी भारी पिकाचा नाद सोडा. तलावातला गाळ टाकायचा असेल तर ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’साठी उन्हाळ्याआधीच अर्ज करा, आणि बांध आधी, गाळ मग, बांध नसेल तर पुढच्या पावसात आणलेला गाळ पुन्हा लेंडीत. भिजलेल्या सोयाबीनचा ढीग लावू नका, आणि त्यातलं बियाणं ठेवणार असाल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघा. सत्तर उगवले नाहीत तर विकून टाका. हरभरा, करडई, ज्वारी पेरताना ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया या वर्षी तरी टाळू नका.

बाहेरून येणाऱ्यांसाठी

जुने कपडे आणू नका. खरंच आणू नका. पुरानंतरच्या प्रत्येक गावात शाळेच्या कोपऱ्यात फाटक्या जीन्स आणि नेसता न येणाऱ्या साड्यांचा ढीग कुजत पडलेला असतो आणि तो उचलायचं काम पूरग्रस्तांनाच करावं लागतं. निघायच्या आधी वहीवाल्यांना फोन करा. पहिल्या आठवड्यात टॉर्च, पाण्याचे झाकणाचे कॅन, टीसीएल, सॅनिटरी पॅड, गमबूट, चारा. नंतर त्याहून वेगळं काहीतरी लागतं: पाण्यातली मोटार भरून देणं, शिलाई मशीन, हरभऱ्याचं बियाणं, दहावी-बारावीच्या पोरांची वसतिगृहाची फी. किल्लारीनंतर समाजसेवक शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं. एवढं मोठं नाही जमलं तरी एका मुलीचं एक वर्ष कुणालाही जमतं. गाळ काढायला बाहेरून स्वयंसेवक आणण्याऐवजी गावातल्याच रिकाम्या हातांना मजुरी द्या. त्यामुळं उचलीचा आकडा तरी खाली येतो.

आणि जमलं तर गर्दी ओसरल्यावर, डिसेंबर-जानेवारीत या. तेव्हा कुणी येत नाही. घरात म्हातारं माणूस आणि पोरं असतात, कर्जाच्या हप्त्याला फायनान्सवाले दारात येतात. तेव्हा नुसतं बसून बोललं, बँकेत सोबत गेलं, तरी आधार होतो. जो माणूस बोलायचाच बंद झालाय, जेवत नाही, ‘आता काय राहिलंय’ म्हणतो, त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्या घरातून हलवा आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलायला लावा. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

पुढच्या पावसाची तयारी मेमध्ये करायची. उदगीरकडं मोठा पाऊस झाला की लेंडी फुगते, हे मुखेडच्या माणसाला सांगायला नको. पण उदगीर तालुक्यातल्या नदीकाठच्या चार गावांतल्या माणसांचे नंबर किती जणांकडं आहेत? ते मिळवा. त्यांचा फोन आला की मंदिर आणि मशिदीच्या भोंग्यावरून कोण बोलणार, म्हाताऱ्या-आजारी माणसांना कोण उचलणार, कोणत्या उंचवट्यावर जायचं, हे नावानिशी ठरवा. पाऊस जोरात असेल त्या रात्री जनावरांच्या दाव्याला सरकफास ठेवा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. घरातले कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खुंटीला. दोन लांब दोर, चार टायरच्या ट्यूब आणि चार्ज केलेले दोन मोठे टॉर्च शाळेत ठेवा. शाळेची किल्ली मात्र तीन वेगवेगळ्या घरांत असू द्या.